आदल्या दिवशीचं प्रोसिडिंग

कुपवाडच्या त्या कारखान्यात मीटिंग घ्यायला कारण लागत नसे, चहा लागत असे. त्या शनिवारी चहा दोनदा आला, म्हणून मीटिंगही दोनदा झाली.

प्रियदर्शनी दोन्ही वेळा वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. पंपाचे ओतीव भाग बनवणारा तो कारखाना. ती तिथलं ऑफिस सांभाळायची. मीटिंगची नोंद घ्यायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि बोलणाऱ्याला मधेच थांबवायचा तिचा स्वभाव नव्हता. जे कानावर पडे ते ती लिहून घेई. साच्याची वाळू ओली आली, ट्रान्सपोर्टवाला फोन उचलत नाही, गाड्या लावायच्या शेडवरचा पत्रा उडालाय, पोह्यांतले शेंगदाणे कमी झालेत, आणि शेंगदाण्यांवरून कोण कुणाच्या खानदानावर गेलं, तेही. मीटिंग संपली की वही गच्च भरलेली असे आणि ठरलं काय ते देवाला माहीत.

पण त्या शनिवारी भलतंच घडलं. मालकांचा मुलगा ऋषिराज पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला होता आणि आल्यापासून सगळ्यांच्या मागं हात धुऊन लागला होता. त्यानं मागच्या आठवड्याची नोट सगळ्यांसमोर फडकवली.

"हे बघा. एक पान! काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. संपलं. ह्याची कॉपी मी बोर्डावर लावलीय. प्रत्येकानं जाऊन वाचायचं. मॅडम, कुठं शिकलात तुम्ही?"

सगळ्यांच्या माना वळल्या. प्रियदर्शनीनं चष्मा सारखा केला.

"एक व्हिडिओ बघितला होता," ती म्हणाली.

व्हिडिओ वगैरे काही नव्हता. होते ते तिचे वडील, आबा. कृष्णात हवालदार. फौजेत कारकुनी करून निवृत्त झालेले, आणि ताकारीच्या अलीकडच्या आपल्या गावात बिरदेव पाणीपुरवठा संस्थेचे सचिव. नदीचं पाणी मोटारीनं उचलून गावच्या उसाला द्यायचं, ही संस्था. मोटारी चेअरमननं बघायच्या, आणि कागद आबांनी. शनिवार आला की प्रियदर्शनी सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीला कुलूप लावून गावी जाई, आबांपुढं ऑफिसची वही टाकी, आणि आबा लाल पेनानं त्या वहीची खांडोळी करून एका पानाची नोट उरवत.

त्या संध्याकाळी ती पोचली तेव्हा आबा आधीच लिहीत बसले होते. समोर संस्थेचं प्रोसिडिंग बुक होतं. सभेत काय झालं याची सरकारदरबारी चालणारी नोंद ज्यात ठेवतात, ते जाडजूड रजिस्टर.

"वार्षिक सभेचं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"सभा उद्या आहे, आबा."

"म्हून तर आज लिवतोय. परवा लिवून काय उपेग?"

हे भांडण जुनं होतं आणि दोघांनाही ते आवडायचं. आबांनी चष्मा नाकावर घेऊन मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "विषय क्रमांक चार. पाणीपट्टीचे दर आहेत तेच ठेवण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली. सभासद श्री. कोंडीबा यांनी हरकत घेतली. त्यांचे समाधान करण्यात आले."

"उद्या आपण हरकत घेणार आहोत, हे कोंडीबानानांना माहीत आहे?"

"त्येला जन्मापास्नं म्हाईत हाय."

"आणि समाधानही होणार?"

"चहा दुसऱ्यांदा दिला की हुतंय."

"ही शुद्ध बनवाबनवी आहे. जे झालंच नाही ते लिहायचं!"

"आणि तू झालेलं लिवतीस, त्यातनं कुणाला काय कळतं?" आबांनी तिची वही पुढं ओढली. "ह्ये बघ. दळण पोतंभर आणि पीठ चिमूटभर. आगं, जे आगुदरच ठाऊक हाय त्ये घरनंच लिवून न्यायचं. मग सभेत हात मोकळा, कान मोकळं. आपुन ऐकायचं. आणि ठाऊक नसलेलं काय घडलं, तर तेवढंच हितं लिवायचं."

त्यांनी पानाची उजवी बाजू दाखवली. प्रत्येक पान उभं दुमडून त्यांनी अर्धा भाग कोरा सोडला होता. प्रियदर्शनीनं मागची पानं चाळली.

"सगळं कोरंच आहे की."

"गाव शाणं हाय माजं. ठरल्याभाईर काय करत न्हाई."

मग त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला, अगदी आवाज चढवून, कारण त्यांच्या मते सभेतला तोच खरा भाग. "सरतेशेवटी सचिव श्री. कृष्णात यांनी मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, चहावाले व बिरदेवाचे पुजारी यांचे आभार मानले आणि राष्ट्रगीताने सभा संपली."

गॅसपाशी भाकरी थापणाऱ्या तिच्या आईनं, लीलाबाईंनी मान वळवली. "चहावाल्याचं आभार. आणि घरात रोज चहाचं आधण ठेवती तिचं?"

"तू संस्थेची सभासद हाईस काय?"

"लगीन झाल्यापास्नं बिनपगारी शिपाई हाय."

"मग झालं तर. शिपायाचं आभार मानायची पद्धत न्हाई. ड्यूटी असती ती."

घराचा नियमच होता तो. आभार परक्यांचे मानायचे. घरच्यांना 'बरं' म्हणायचं, आणि फारच गहिवरून आलं तर 'जेवलास का' विचारायचं.

आबांनी शनिवारच्या दोन्ही मीटिंगा लाल पेनाखाली घेतल्या. शेंगदाणे गेले, खानदानं गेली. वाळू उरली, ट्रान्सपोर्टवाला उरला, पत्रा उरला. प्रत्येकापुढं आबांचे ठरलेले सवाल. ठरलं काय? करणार कोण? कवा? पत्र्यापुढं ते थबकले.

"'बघू' म्हणला तुजा सायेब. 'बघू' म्हंजे काय ठरणं न्हवं. सोमवारी त्येला इचार."

"बरं."

"आणि मागची नोट दिलीस ती? काय म्हणला?"

बोर्ड तिच्या डोळ्यांपुढं आला. सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर सकाळी सलूनमध्ये, दुपारी डेअरीवर आणि उद्याच्या सभेत ऐनवेळचा विषय म्हणून ते सगळ्या गावाला कळलं असतं. शिवाय आबा पुढचं वर्षभर हवेत चालले असते. सांगू सावकाश, तिला वाटलं.

"काय म्हणणार? ठेवली कुठंतरी."

"ठेवली न्हवं? बास मग." आबा समाधानानं पेनाला टोपण लावत म्हणाले.

जेवताना त्यांनी भरीत दोनदा मागून घेतलं. झोपायला जाताना लीलाबाईंना बजावलं, "सकाळी लौकर उठव. मंडपवाला दरवर्षी मोडक्या खुर्च्या घालतोय गळ्यात."

सकाळी लीलाबाई चहा घेऊन गेल्या. आबा उठले नाहीत. कपात साय धरली.

झोपेतच गेले म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. आलेला प्रत्येक जण म्हणाला, सोन्यासारखं मरण आलं. प्रियदर्शनी मान हलवत राहिली. तिला सोन्याचं काही नको होतं.

रक्षाविसर्जनाला नदीकाठी भाषणं झाली. आमच्याकडं राख सावडली की पुढारी बोलायला उभे राहतात, आणि माणूस गेल्याचं दुःख आहे की माईक मिळाल्याचा आनंद आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. एक जण आबांना कृष्णाजी म्हणाला. दुसरा धरणातल्या साठ्यावर बोलला. तिसऱ्यानं यथोचित स्मारकाचं आश्वासन दिलं. तिसऱ्याचं भाषण संपलं तेव्हा प्रियदर्शनीच्या मनात आपोआप आलं, ठरलं काय? करणार कोण? कवा? आणि तिला एवढं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. बायकांना वाटलं, पोरीचा बांध फुटला. लीलाबाईंना कसलं हसू ते कळलं. त्यांनी नुसता तिच्या मांडीवर हात ठेवला.

दिवसकार्य झालं, आणि भाऊसो आले. संस्थेचे चेअरमन, आबांचे लंगोटीयार. काखेत प्रोसिडिंग बुक.

"ताई, सभा तहकूब झालीया, ती आता घ्यायला पायजे. येत्या रविवारी घिऊ. लिवायला माणूस न्हाई. तू कंपनीत ह्येच करतीस न्हवं? लय काम न्हाई. हवालदारानं सगळं लिवून ठेवलंय. तारीख तेवढी बदल, आणि त्ये एक शेवटचं."

"शेवटचं कुठलं?"

भाऊसोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्यो हजर हाय त्यात. आभार मानतोय. त्ये खोडून गैरहजर लिवाय लागंल. न्हाईतर लेखापरीक्षक इचारंल, मेलेला माणूस आभार मानतोय, ही संस्था हाय का देवरशाचं दुकान?"

तिनं रजिस्टर उघडलं. ते गोल, सरळ रेषेत कवायत करणारं अक्षर. तिनं ते मिटलं.

"तारीख बदलते. ते नाही खोडणार."

"आँ?" भाऊसो पुढं सरकले. "आगं, झालं तेवढंच लिवा म्हणून बापाशी भांडत हुतीस न्हवं तू? त्यो सांगायचा मला. 'भाऊसो, माजी पोरगी लेखापरीक्षकाची बी आई हाय,' म्हणायचा."

भाऊसोंचं खरं होतं. गेल्या काही दिवसांत तिनं कुठल्या कुठल्या कागदांवर सह्या केल्या होत्या. पेन्शनच्या, बँकेच्या, गॅसच्या. प्रत्येक ठिकाणी आबांचं नाव एका रेघेखाली गेलं होतं. हा एकच कागद उरला होता, ज्यात आबा अजून यायच्या एका दिवशी हजर होते आणि चहावाल्याचे आभार मानत होते. एवढीशी बनवाबनवी राहिली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"ऱ्हाऊ द्या की तसंच, भाऊसो," आतून लीलाबाई म्हणाल्या. "जित्तं असताना घरात कवा हजर हुते? सभेतच असायचे. ऱ्हाऊ द्या सभेत."

"वैनी, आवं, तुमी बी?" भाऊसोंनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. "ताई, मी बी त्येला मित्र समजायचो. पण खाली सही माजी हाय. तू रविवारी त्याच्या खुर्चीवर बस आणि खरं त्ये लिव. न्हाई जमलं, तर मी सही करणार न्हाई, आणि सभा झाली न्हाई असं हुईल. बघ."

रविवारी बिरदेवाच्या देवळापुढं मंडप पडला. खुर्च्या मोडक्याच होत्या. पुरुष पुढं बसले, बायका खांबांच्या आडोशाला, त्यांत लीलाबाई. प्रियदर्शनी सचिवाच्या खुर्चीवर बसली. पुढं प्रोसिडिंग बुक होतं, आणि त्याच्यावर सवयीनं ठेवलेली तिची स्वतःची वही.

भाऊसोंनी माईकवर फुंकर मारली. तिनं लिहिलं, अध्यक्षांनी सर्वांचे स्वागत केले. रजिस्टरात बघितलं, तर तिथंही तेच होतं. मागील इतिवृत्त वाचून कायम केलं. तेही होतं. मोटार दुरुस्तीवरून मागच्या रांगेत कुजबुज. 'किरकोळ चर्चेनंतर' अशी तीही होती. थोड्या वेळानं तिनं आपली वही मिटली आणि पेन खाली ठेवलं.

हात मोकळा झाला तसे कानही मोकळे झाले. इतक्या वर्षांत तिनं एकही मीटिंग ऐकली नव्हती, नुसती उतरवून घेतली होती. आता तिला ऐकू आलं, की भाऊसो आकडा चुकायच्या आधी खोकतात. मंजूर म्हणणाऱ्यांत एकच मोठा आवाज असतो आणि बाकीचे त्याच्या पाठीवर बसून जातात. आणि प्रत्येक विषयानंतर सगळा गाव क्षणभर तिच्या खुर्चीकडं बघतो आणि नजर वळवतो.

विषय क्रमांक चार आला. पाणीपट्टी. सगळ्यांनी कोंडीबानानांकडं बघितलं. चहावाला दुसरा कप घेऊन निम्म्या वाटेत पोचलासुद्धा. नाना काठीवर हनुवटी टेकून बसून होते.

"नाना," भाऊसो म्हणाले, "हरकत?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे? दरवर्षी घेता की!"

"औंदा न्हाई."

"आवं, लिवलेली हाय तुमची हरकत!"

"मग पुसा. हवालदार गेला. आता हरकत घिऊन समाधान कुणाकडनं करून घिऊ? तुमच्याकडनं? तुमास्नी दर तरी पाठ हायत का?"

मंडपात हशा पिकला. नाना हसले नाहीत.

"चहानं माजं समाधान हुतंय असं समदी समजत्यात. सभा झाली की दुसऱ्या दिवशी हवालदार माज्या वस्तीवर यायचा. लिवायचा-बिवायचा काय न्हाई. ऐकून घ्यायचा निस्तं. माजं बोलून हुईस्तवर बसायचा. औंदा कोण येणार?"

चहावाला कप घेऊन होता तिथंच उभा राहिला.

प्रियदर्शनीनं ती ओळ परत वाचली. त्यांचे समाधान करण्यात आले. आबा आधी लिहीत, आणि मग लिहिलेलं खरं करायला दुसऱ्या दिवशी चालत वस्तीवर जात. आणि ती त्याला बनवाबनवी म्हणत आली होती.

तिनं ओळीवर रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं केली, आणि उजव्या कोऱ्या भागात लिहिलं, श्री. कोंडीबा यांनी हरकत घेतली नाही. मग तिनं मान वर केली.

"नाना, पण हरकत होती काय?"

"हुती म्हंजे? हाय की! शेवटच्या टोकाला माजं रान. वरची समदी भिजत्यात तवर मोटार बंद. पट्टी मातर पुरी. त्यो पहिला व्हॉल्व गळतोय, त्ये कोण बघणार?"

"भाऊसो, काय ठरलं?"

"काय ठरायचं? व्हॉल्व बघाय पायजे."

"कोण बघणार?"

"आता… मीच बघतो."

"कधी?"

"बघू की सवडीनं."

"'बघू' लिहिता येत नाही, भाऊसो."

भाऊसो खोकले. "पाण्याच्या पुढच्या पाळीच्या आत."

तिनं ते लिहून घेतलं. कोंडीबानानांनी चहावाल्याच्या हातातला कप शेवटी घेतला आणि शेजाऱ्याला म्हणाले, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल एवढ्या हळू, "बापापेक्षा वंगाळ हाय ही."

बाकीचे विषय आबांनी लिहिल्याप्रमाणं मंजूर होत गेले. मग शेवटचा परिच्छेद आला. भाऊसोंनी तिच्याकडं बघितलं. हातात पेन होतं त्यांच्या, सहीचं. टोपण काढलेलं नव्हतं.

तिनं ते वाक्य आबांच्या आवाजात एकदा मनात वाचून घेतलं, आवाज चढवून. सचिव श्री. कृष्णात यांनी. मग तिनं 'सचिव'पासून 'यांनी'पर्यंत सरळ रेघ मारली. पट्टी न घेता. उजव्या बाजूला लिहिलं, सचिव श्री. कृष्णात गैरहजर. आभार त्यांच्या मुलीने मानले.

अजून मानले नव्हते. पण ते लिहून झालं होतं, म्हणजे आता खरं करायला हवं होतं. ती उठली आणि माईकपाशी गेली.

"मंडपवाल्यांचे आभार," ती म्हणाली. "खुर्च्या यंदाही मोडक्या दिल्या. ध्वनिक्षेपकवाल्यांचे, मधून मधून चालल्याबद्दल. पुजाऱ्यांचे. चहावाल्यांचे."

लोक हसले. मंडपवाला स्वतःच्याच एका खुर्चीवरून जपून उठला आणि त्यानं हात जोडले.

"लीलाबाईंचे. त्या सभासद नाहीत."

खांबाआडच्या बायका लीलाबाईंकडं वळल्या. लीलाबाईंनी पदर डोक्यावरून आणखी पुढं ओढला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आवर आता."

भाऊसो राष्ट्रगीतासाठी उठायला लागले. प्रियदर्शनी माईकपासून हलली नाही, तसे ते परत बसले. तिनं समोर बघितलं. ज्यांच्याकडं बघायचं ते तिथं नव्हते, म्हणून तिनं सचिवाच्या मोकळ्या खुर्चीकडं बघितलं.

"आणि सचिवांचे." माईक चरचरला, थांबला. "आबा, नोट बघून साहेब काय म्हणाले, विचारत होतात ना? त्यांनी ती बोर्डावर लावली. सगळ्यांना वाचायला लावली. मला म्हणाले, कुठं शिकलात? मी म्हटलं, व्हिडिओ बघितला."

कुणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं.

"तुमच्याकडून शिकले, आबा. तुमचे आभार."